बोगद्याचं काम चालू आहे

माझा भाऊ माणसांचे दात करतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवतात आणि हा आपल्या खुराड्याएवढ्या वर्कशॉपमध्ये बसून त्यावरून कवळी तयार करतो. शहरातली कितीतरी माणसं माझ्या भावाच्या हातचे दात लावून हसतात, भांडतात, भाषणं देतात, आणि त्यांना हा कोण ते ठाऊकही नसतं. त्याचं त्याला काही वाटत नाही. मात्र रस्त्यात समोरून कोणी मोठ्याने हसत आलं की हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि मला कोपराने ढोसून म्हणतो, "वरची आपली. खालची दुसऱ्या कोणाची तरी आहे, बघ कशी बसलीये." मी जन्मभर नर्स होते, नाही नाही ते पाहिलंय, पण भर रस्त्यात लोकांच्या तोंडात डोकावायची मला अजून लाज वाटते.

दादा संथ आहे. ही तक्रार नाही, तपासणीअंती काढलेला निष्कर्ष आहे. तो एकेक दात बसवायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात त्या माणसाला नवे उगवतील, असं वहिनी म्हणते. वहिनी त्याच्या अगदी उलट. ती लोकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवरून "क्लच, अहो क्लच दाबा!" असं ओरडून ती घरी येते, तर इथे नवरा पहिल्या गियरच्या पुढे जायला तयार नसतो. त्यांच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, एकटा दादा वहिनीच्या दातांकडे. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे या संसारातला प्रत्येक करकचून दाबलेला ब्रेक मला घरबसल्या ऐकू येतो.

तर अशा या माणसाला चिमुकल्या आगगाड्यांचं वेड आहे. खेळण्यातल्या आगगाड्या म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं, तेव्हा तिघांनीही चहाचे कप खाली ठेवले होते.

तिघे म्हणजे दादा, मास्तर आणि बेकरीवाली. मास्तरांनी शाळेत भूगोल शिकवला. दादाशी त्यांची ओळख भांडणातून झाली. त्यांची नवी कवळी बोलताना टकटक वाजायची, म्हणून डॉक्टरला वगळून ते थेट वर्कशॉपवर येऊन धडकले. दादाने ती त्यांच्यासमोरच घासायला घेतली. घासता घासता दुपारची संध्याकाळ झाली. मास्तर बोळक्या तोंडाने इकडेतिकडे बघत बसले होते, तेवढ्यात त्यांना बाकावर प्लास्टरचा एक इटुकला फलाट दिसला. कवळी राहिली बाजूला, मास्तर त्या फलाटावर तुटून पडले. "एवढ्या वळणावर फलाट? उतारू काय उड्या मारून उतरणार?" दातांशिवाय बोलल्यामुळे दादाला निम्मं कळलं नाही, पण हा आपल्यातला माणूस आहे एवढं कळलं. त्या दिवसापासून दोघांची घट्ट मैत्री. एरवी अहो-जाहो, भांडण तापलं की अरे-तुरे. कवळी अजूनही वाजते.

बेकरीवालीचं दुकान आमच्याच रस्त्यावर आहे. ती केक पोचवायला आली आणि यांनी केलेली झाडं बघून दारातच थांबली. "हे काय आहे? शेवाळ?" असं तिने विचारलं. मास्तरांना ते झोंबलं. पुढच्या आठवड्यात ती केकच्या खोक्यात चाळीसेक झाडं घेऊन आली, प्रत्येकाचा घेर वेगळा, एक तर वाऱ्याने वाकलेलं. त्यानंतर तिला घालवून देण्याची कोणाची टाप नव्हती.

दादाच्या फ्लॅटमधली मागची आख्खी खोली या कारभाराला दिलेली आहे. भिंतींच्या कडेने टेबलांवर फळ्या, फळ्यांवरून गोल फिरून परत येणारे रूळ, आणि मध्ये माणसांना उभं राहायला जागा. त्या मधल्या जागेत जायचं तर टेबलाखालून रांगत जावं लागतं. वहिनी चहाचा ट्रे आधी आत सरकवते आणि मग स्वतः रांगते, तेव्हा ती जे काही पुटपुटते ते मी इथे लिहीत नाही. कामाची वाटणी ठरलेली होती. गाव आणि स्टेशन बेकरीवालीचं, नदी आणि पूल मास्तरांचा, डोंगर आणि बोगदा दादाचा.

शनिवारी दुपारी जमायचं, कामाला लागायचं, आणि रविवारी चहाला प्रत्येकाने आपली प्रगती सांगायची, असा त्यांचा शिरस्ता. मी आणि वहिनी प्रेक्षक. बेकरीवालीची प्रगती ऐकताना धाप लागायची. "चौकात दिव्याचे खांब लावले, न्हाव्याच्या दुकानात खुर्ची बसवली, आयसिंगच्या नळीने फुटपाथची कड काढली आणि तीन गच्च्यांवर कपडे वाळत घातले." मग मास्तर घसा साफ करून म्हणायचे, "नदी बोटभर डावीकडे सरकवली." ती का सरकवली हे विचारायचा मूर्खपणा मी एकदाच केला. नदी वळणावर बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला वाळू टाकते, हे ते मला चहा गार होईपर्यंत समजावत होते. "तुम्ही लोक नदी म्हणजे निळा रंग समजता, सिस्टर!"

शेवटी दादा. दादा बशीत बिस्किटाचा चुरा गोळा करत म्हणायचा, "बोगद्याचं काम चालू आहे."

संपली त्याची प्रगती. वर्षानुवर्षं हेच वाक्य. त्याचा डोंगर फळीवर नव्हताच. तो खोलीच्या कोपऱ्यात, दादाच्या बाकावर, जुन्या चादरीखाली असायचा. शनिवार-रविवार दादा आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, डोक्याला दिवा बांधून चादरीत शिरायचा. बाहेरून डोंगर केव्हाच पुरा झालेला दिसत होता. कडे, घळी, वर बेकरीवालीची झाडं, सगळं जागच्या जागी. मग हा आत करतो काय? वहिनीचं ठाम मत होतं की तो आत झोपतो. डोंगर नाही, त्यामुळे दादाच्या फळीवर रूळही नाहीत. गाडी गावातून निघायची, पूल ओलांडायची, दादाच्या फळीच्या कडेशी थांबायची आणि उलटी उलटी घरी यायची. एवढा मांडलेला गोल, पण एक पुरी फेरी कधी झाली नाही. आणि ती केवळ माझ्या भावामुळे झाली नाही, हे कोणी बोलून दाखवत नसलं तरी त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

मग मास्तर बाथरूममध्ये घसरले. मोडलं काही नाही, मीच तपासलं, पण लांबच्या शहरातल्या त्यांच्या मुलीने ठरवून टाकलं की बाबांनी आता एकटं राहायचं नाही. हे आम्हाला कळलं ते रविवारच्या चहाला. बेकरीवालीचं सांगून झालं. मास्तरांनी घसा साफ केला. "माझी प्रगती म्हणजे, मी जातोय," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी मुलगी गाडी घेऊन येईल. घर आवरायला काढलंय. नदी इथेच राहील, तिच्याकडे ठेवायला जागा नाही. इंजिन तेवढं नेईन."

बेकरीवालीने उगाच साखरेचं भांडं झाकलं. दादाची पाळी होती. तो बशीकडे बघत म्हणाला, "पुढच्या रविवारी फेरी."

"कसली फेरी?" वहिनीने विचारलं.

"पुरी फेरी. मास्तरांच्या इंजिनाने. मास्तर जायच्या आधी."

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघत राहिलो. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कामाची तारीख दिली होती.

त्या आठवड्यात त्याने कवळ्यांच्या कामाला हात लावला नाही. शहरातली काही मंडळी तेवढे दिवस नुसतं सूप पिऊन राहिली असणार, त्यांची मी त्याच्या वतीने माफी मागते. दादा रोज चादरीत. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. वहिनीने एकदा ताट तिथेच नेऊन चादरीखाली सरकवलं. ताट रिकामं होऊन परत बाहेर आलं, तेव्हा तो निदान झोपत नाही एवढी तिची खात्री झाली.

शनिवारी त्याने फळीवर रूळ टाकले, वहिनीला आणि बेकरीवालीला हाताशी घेऊन डोंगर उचलला आणि जागेवर ठेवला. खरंच सुंदर दिसत होता. आपलं बुटकं इंजिन त्याने बोगद्यातून एकदा इकडे, एकदा तिकडे नेऊन पाहिलं. ते सुरळीत बाहेर आलं. मग त्याने वाडग्यात प्लास्टर कालवायला घेतलं.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"डोंगर फळीला पक्का करतो. खाली फट दिसतेय."

"अहो, दिसू दे फट! आत काही अडकलं तर डोंगर उचलता आला पाहिजे. नाहीतर मागच्या बाजूला हात जाईल एवढं दार तरी ठेवा. बोगदा करणारा प्रत्येक माणूस ठेवतो."

"डोंगराला दार कुठे असतं?" दादा म्हणाला. "आणि उचलता येतो तो काय डोंगर? ती टोपी झाली."

"आणि ते पिवळं प्लास्टर वापरू नका हो," बेकरीवाली म्हणाली. प्लास्टर दोन प्रकारचं असतं, हे एवढ्या वर्षांत आम्हालाही कळलं होतं. पांढरं नखाने खरवडलं तरी निघतं. पिवळं कवळीच्या साच्यासाठी वापरतात, ते वाळलं की दगड. अख्खा डोंगर दादाने पिवळ्यात केला होता, कारण पांढऱ्याला कडे नीट येत नाहीत म्हणे. "पिवळ्याला पिवळंच लागतं," एवढं बोलून त्याने चहूबाजूंनी डोंगर लिंपून टाकला. संथ माणूस एकदा घाई करायला लागला की त्याला कोणी अडवू शकत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

रविवारी दुपारी मास्तर प्रवासाचे कपडे घालूनच आले. सामान बांधून झालं होतं. मुलगी संध्याकाळपर्यंत पोचणार होती. त्यांनी कोटाच्या खिशातून लोकरी मोजा काढला आणि मोज्यातून इंजिन काढलं. लांबलचक, काळं, पितळी कडांचं. ते आजवर त्यांनी कोणाच्या हातात दिलं नव्हतं. पुसायलासुद्धा नाही. स्वतःच्या हाताने त्यांनी ते स्टेशनात ठेवलं, मागे तीन डबे जोडले आणि वहिनीला म्हणाले, "चला."

गाडीचा वेग कमीजास्त करायची कळ वहिनीच्याच हातात असते. एवढा एक मान तिने लढून मिळवलाय. तिने कळ हळूच फिरवली. गाडी गावातून निघाली, वाळत घातलेल्या कपड्यांखालून गेली, पुलावर आली. मास्तर तिच्याबरोबर टेबलाच्या कडेने चालत होते. दादा बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी गुडघ्यावर बसून आत बघत होता. इंजिन बोगद्यात शिरलं. एक डबा गेला, दुसरा गेला, तिसरा अर्धा गेला आणि आतून खट्ट असा आवाज आला.

"ब्रेक!" वहिनी स्वतःलाच ओरडली आणि कळ बंद केली.

दादा तसाच गुडघ्यावर बसून राहिला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कान दिसत होते. कान पांढरे पडले होते.

मग सगळ्यांनी मिळून जे काही केलं त्याला शहाणपण म्हणता येणार नाही. आधी मास्तरांनी मागचा डबा धरून ओढला. डबे तिन्ही आले, इंजिन नाही आलं. दादाने दात तपासायचा तो लांब दांड्याचा इवलासा आरसा आणला, मी टॉर्च धरला आणि आम्ही दोघं बहीणभाऊ बोगद्याच्या तोंडात वाकून बघू लागलो. वळणावर इंजिन रुळावरून उतरून भिंतीला टेकलेलं होतं. कारण दादाच्या लगेच लक्षात आलं. त्याचं इंजिन बुटकं, ते वळणावरून सहज गेलं. मास्तरांचं लांब. लांब इंजिन वळताना त्याचं नाक बाहेरच्या बाजूला जातं, आणि तेवढी जागा दादाने आत सोडलेली नव्हती. मी विणायच्या सुईने ते ढकलून पाहिलं, तर आणखीच रुतलं. बेकरीवाली म्हणाली, फळीच तिरकी करू, ओव्हनमधला ट्रे करतो तशी. चौघांनी फळी तिरकी केली. डोंगरावरची सहा झाडं खाली आली, इंजिन आलं नाही.

तेवढ्यात मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती शहरात शिरली होती.

दादा उठला, टेबलाखालून रांगत बाहेर गेला आणि हातोडी-छिन्नी घेऊन परत आला.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"डोंगर फोडतो."

"डोक्यावर परिणाम झालाय का तुमच्या? एवढी वर्षं घालवलीत त्याच्यात! राहू द्या इंजिन. आत राहू द्या."

"तुमचं इंजिन मी डोंगरात गाडून ठेवू? आणि तुम्ही काय मोजा घेऊन जाणार?"

"मी म्हणतो ना राहू दे!"

"मी म्हणतो नाही राहणार!"

"हट्टी आहेस तू! दार ठेव म्हटलं तेव्हा ऐकलं असतंस तर!"

"नाही ठेवलं! चुकलं माझं! आता फोडू दे!"

अरे-तुरे सुरू झालं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. दोघे डोंगराच्या दोन बाजूंना उभे. एकाला दुसऱ्याचं इंजिन वाचवायचं होतं आणि दुसऱ्याला पहिल्याचा डोंगर, आणि दोघांचे आवाज असे चढले होते की शेजाऱ्यांना वाटलं असेल घराची वाटणी चाललीये. मास्तरांची कवळी टकटक वाजत होती. शेवटी वहिनीने मध्ये पडून विचारलं, "मास्तर, तुम्हाला फेरी बघायचीये की नाही?"

मास्तर हळूच म्हणाले, "बघायची तर होती."

दादाने पहिला घाव घातला. पिवळं प्लास्टर ढिम्म. दुसरा घातला, छिन्नी निसटली. आपलंच प्लास्टर किती पक्कं आहे याचा त्याला त्या अवस्थेतही अभिमान वाटला असावा, कारण तो "हं" असं म्हणाला. मग त्याने वर्कशॉपमधलं दात कोरायचं यंत्र आणलं. बेकरीवालीने गावावर, स्टेशनावर, नदीवर बटर पेपर पसरला. मी सगळ्यांच्या तोंडाला मास्क बांधले. त्या यंत्राचा आवाज ऐकून मास्तरांचा हात आपसूक गालाकडे गेला. "सिस्टर, पाणी." "सिस्टर, ब्रश." मी देत होते. माथ्यावर एक चर पडला, मग दुसरा, आणि शेवटी वहिनीने "सरका सगळे" म्हणून छिन्नीवर असा एक दणका दिला की डोंगराचं शिखर दोन-तीन तुकडे होऊन उचलून आलं.

आम्ही सगळ्यांनी आत बघितलं आणि इंजिनाचं विसरूनच गेलो.

आत विटा होत्या. बोगद्याच्या दोन्ही भिंतींना, वरच्या कमानीला, एकूण एक वीट वेगळी कापून बसवलेली. कवळीच्या हिरड्या करायचा गुलाबी माल घेऊन, त्यात तपकिरी रंग मिसळून, एकेक वीट. कुठे एखादी फुटकी, कुठे ओल आल्याचा डाग. भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे होते, गाडी आली की रुळांवर काम करणाऱ्या माणसाने बाजूला होऊन उभं राहायला. एका कोनाड्यात फावडं टेकवून ठेवलेलं होतं. कमानीला धुराची काजळी होती. आणि या विटांच्या जाडीनेच इंजिनाचं नाक अडवलं होतं.

ज्या जागी जन्मात कोणाची नजर जाणार नव्हती, जी तो स्वतः कालच प्लास्टरने कायमची बंद करून बसला होता, तिथे माझ्या भावाने एवढी वर्षं घालवली होती.

"हे कोण बघणार होतं?" वहिनीने विचारलं. "अरे, हे कोणाला दिसणार होतं?"

दादाने मास्क खाली केला. त्याचं तोंड प्लास्टरच्या पाण्याने माखलेलं होतं. "गाडीतून दिसतं ना," तो म्हणाला.

मला त्याचा भयंकर राग आला. एवढी वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणतोय, झोपाळू म्हणतोय, आणि हा पठ्ठ्या एकदाही म्हणाला नाही की या, बघा. आणि रागाच्याही वर मला त्याचा असा अभिमान वाटला की मी टॉर्च बंद करायचं निमित्त करून तोंड फिरवलं. वहिनीने निमित्त वगैरे काही केलं नाही. ती सरळ रडली, ओढणीने डोळे पुसले आणि मग त्याच ओढणीने त्याचं तोंड पुसलं.

मास्तर चष्मा कपाळावर सरकवून आत वाकले होते. आता चूक काढणार, म्हणून आम्ही वाट बघत होतो. "काजळी वर असते," शेवटी ते म्हणाले. "भिंतीला इतकी खाली नसते."

"खाली नाहीये. ती तुझी सावली आहे. डोकं काढ."

मास्तरांनी डोकं बाजूला केलं. बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

इंजिनाच्या नाकावर एक बारीक ओरखडा सोडला तर काही झालेलं नव्हतं. दादाने वळणावरच्या विटांची एक ओळ कोरून काढली. आपलं एखादं निरोगी बोट कापायला घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला होता, पण काढली. रूळ पुसले. बटर पेपर उचलला. मास्तरांनी इंजिन परत स्टेशनात नेऊन ठेवलं, डबे जोडले आणि वहिनीकडे बघून नुसती मान हलवली.

गाडी निघाली. गाव, गच्च्या, पूल, नदी. उघड्या डोंगरात शिरली आणि विटांच्या मधून, कोनाड्यांवरून, फावड्यावरून जाताना आम्हा सगळ्यांना दिसली. वळणावर नाक बाहेर आलं, केसभर जागा राखून गेलं. पलीकडच्या तोंडातून ती बाहेर पडली, स्टेशनाकडे वळली आणि जिथून निघाली होती तिथे येऊन थांबली. वहिनीने असा ब्रेक लावला की डबासुद्धा हलला नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेकरीवाली "झाली," एवढंच म्हणाली.

खाली हॉर्न वाजला. मुलगी आली होती.

मास्तरांनी लोकरी मोजा काढला, हातात धरला, इंजिनाकडे बघितलं आणि मोजा परत खिशात घातला. "हे इथेच राहू दे," ते म्हणाले.

"काय?" दादा ओरडलाच. "मग डोंगर कशाला फोडायला लावलास?"

"मी कुठे लावलं? मी तर नको नको म्हणत होतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "तिच्याकडे रूळ कुठे आहेत रे? कपाटात ठेवून काय करू त्याचं? इथे फिरेल तरी." त्यांनी जमिनीवर पडलेला शिखराचा एक तुकडा उचलला. बाहेरून कडा, आतून विटा. तो मोज्यात घातला आणि मोजा कोटाच्या खिशात. दादाला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मास्तर टेबलाखालून रांगत बाहेर पडले होते.

आम्ही त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. सगळ्यांचं बोलून झालं, मी औषधांच्या वेळा पुन्हा बजावल्या, आणि ते खाली गेले. आम्ही परत खोलीत येऊन उभे राहतोय तोच बेल वाजली. मास्तर. चष्मा विसरला म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तो त्यांना दाखवला, तेव्हा "हो का" म्हणून त्यांनी मागच्या खोलीच्या दिशेने एकदा बघितलं आणि गेले. थोड्या वेळाने पुन्हा बेल. छत्री राहिली का बघा, म्हणाले. छत्री त्यांनी आणलीच नव्हती. तरी आम्ही शोधल्यासारखं केलं आणि ते पुन्हा गेले.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा त्यांच्याकडे कारण उरलेलं नव्हतं. धापा टाकत ते बूट न काढता सरळ मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. दादाने वहिनीकडे बघितलं आणि वहिनीने कळ फिरवली.

गाडी पुलावर आली तेव्हा खाली हॉर्न वाजला, लांबलचक. मग मुलगीच जिना चढून वर आली आणि बाहेरच्या दारातून तिने हाक मारली, "बाबा, चला ना, उशीर होतोय!"

"तिला सांगा येतोय," मास्तर मान न वळवता म्हणाले. "गाडी बोगद्यात आहे."